वेळेचा रकाना

नाना, काकूंचा फोन आला तेव्हा मी होडीत होतो. जेट्टीवरच्या ऑफिसातला माणूस कडेला येऊन ओरडला, "सुपडू, धुळ्याहून फोन आहे! परत करतायत, लवकर ये." माझ्या हातात दोरी होती आणि तिच्या टोकाचं शिसं तळाला टेकलेलं होतं. मी आधी घड्याळ पाहिलं. दहा वाजून चाळीस मिनिटं. खोली लिहिली, वेळ लिहिली, मगच दोरी ओढली. धुळ्याहून कामाच्या वेळी फोन येतो तो कशासाठी, हे मला कळलं होतं. तरी मान आधी मनगटाकडे वळली. ही सवय तुमची. ती मला कशी लागली ते तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत, आणि मीही नाही.

मला येता आलं नाही. इथून धुळं म्हणजे तीन एसट्या बदला आणि दीड दिवस घाला. काकूच म्हणाल्या, "येऊ नको रे, तू पोचशील तोवर सगळं आटोपलेलं असेल." नंतर तुमच्या विभागातल्या पोरांचा फोन आला. ती तुमच्या आठवणींची चार पानं छापणार आहेत. मला म्हणाली, "तुम्हीपण लिहा." तुमच्या पदव्या, तुमचे निबंध, ते सगळं लिहायला शिकलेली माणसं आहेत. मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस. मला एकच गोष्ट लिहायची आहे. धुळ्यात अजून काही जण म्हणतात, "सरांनी समुद्राचा नकाशा काढला खरा, पण पहिला चुकला होता." तुम्ही त्यांना म्हणू दिलंत. तो का चुकला, हे तुम्ही असताना बोलायची माझी छाती झाली नाही. आज बोलायला हवं.

आपली भेट गिरणेत झाली. भडगावच्या खाली आमच्या गावाशी नदीला उतार होता, आणि गाड्या कुठून न्यायच्या ते माझे वडील, आबा, आणि मी दाखवायचो. तुम्ही कॉलेजच्या पोरांची सहल घेऊन आलात आणि जीप काठावर थांबली.

"इथून जाईल का गाडी?" तुम्ही विचारलंत.

"अठून नही भाऊ." मी काळ्या पाण्याकडे बोट दाखवलं. "काये पानी दिखस ना, तठे डोकं बुडी जाई. तो हिरवट पट्टा शे, तठून चाला."

"तुले कसं कयस रे?" तुम्ही माझ्याच अहिराणीत विचारलंत.

"रंग दखीसन."

तुम्ही पोरांकडे वळून म्हणालात, "ऐका! तीन आठवडे मी फळ्यावर हेच सांगतोय." मला वाटलं थट्टा चाललीय. दोन वर्षांनी पूल झाला, आमचं काम गेलं, आणि तेव्हा तुमचं कार्ड आलं की पाण्याचा रंग ओळखणारा माणूस पाहिजे, धुळ्याला ये. घरी बायको होती, दोन पोरं होती. मी पिशवी भरली आणि तुमच्या घरी राहायला आलो.

तुमच्या गल्लीत तुमची थट्टाच व्हायची. दूधवाला कॅन टेकवून विचारायचा, "सर, धुयामां समिंदर कथाईन उना?" तुम्ही म्हणायचा, "हैदराबादथून पार्सलमा उना." खोटं नव्हतंच ते. हैदराबादहून उपग्रहाने घेतलेली माहिती यायची आणि तिचे आकडे लांबच लांब कागदावर छापलेले असायचे. एक आकडा म्हणजे तेरा गुंठे पाणी, हे तुम्ही मला माझ्या हिशेबात समजावलंत. आकडा मोठा तर उजेड जास्त, म्हणजे खाली वाळू जवळ. आकडा लहान तर पाण्याने उजेड गिळला, म्हणजे खोल. मी पाच रंगांच्या पेन्सिली घेऊन एकेक चौकोन भरत बसायचो. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून तुम्ही गळ्यात पंचा टाकायचात, मलाही एक दिला होता. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अख्खा समुद्र पसरलाय घरात. मी पाय कुठे ठेवू?"

एकदा मी विचारलं, "नाना, उपग्रहाला सगळं दिसतं, तर मग मी कशाला?"

"त्याला उजेड दिसतो. किती उजेड म्हणजे किती खोल, हे त्याला ठाऊक नाही. ते आपण शिकवायचं, दोरी टाकून."

"म्हणजे मी उपग्रहाला शिकवणार?"

"शाळा दोघांनीही पुरी केलेली नाही. जमेल तुमचं."

नाना, त्या दिवशी मी घरी पत्र लिहून कळवलं होतं की मी मास्तर झालो.

मग हिवाळ्यात आपण इकडे आलो, मालवणच्या खाली, कारण त्या दिवसांत इथलं पाणी नितळ असतं. पहिल्या सकाळी होड्या पाण्यावर डुलत होत्या. दुपारी जेवून येतो तर त्याच होड्या वाळूवर आडव्या. मी घाबरून विचारलं, "वरून धरणाचं पाणी बंद केलं का काय?" बाबी तांडेल, ज्याची होडी आपण घेतली होती, तो पोट धरून हसला. "अरे, ह्येका समुद्राक धरण व्हया!" तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला जेट्टीवर नेलंत, खांबावर मारलेले पट्टे दाखवलेत, तिथे दर पंधरा मिनिटांनी पाणी किती चढलं ते लिहायला बसवलेला विद्यार्थी दाखवलात. आणि म्हणालात, "सुपडू, गिरणेत खोली म्हणजे खोली. इथे खोली म्हणजे खोली आणि वेळ. वेळ नसेल तर तो आकडा फेकून द्यायचा." तीनदा सांगितलंत, तीन दिवस. वहीत चार रकाने आखून दिलेत: खुणेचा, म्हणजे मोजायच्या जागेचा, नंबर, खोली, तळ कसला, वेळ.

मला कळलं नव्हतं असं मी पुढे स्वतःला बरेचदा सांगितलं. मला कळलं होतं, नाना.

दोन दिवस तुम्ही होडीत होतात. मी दोरी टाकायचो, तुम्ही वेळ सांगायचात. तिसऱ्या दिवशी तुम्हाला ताप भरला. तुम्ही अंथरुणातून हात वर करून मनगटावरचं घड्याळ सोडलंत. ते चावीचं घड्याळ तुमच्या वडिलांनी तुम्हाला पहिल्या नोकरीला दिलेलं, हे मला काकूंकडून माहीत होतं. "खुणा चाळीस आहेत. आतल्या वाटेच्या. नीट कर," तुम्ही म्हणालात.

ही आतली वाट म्हणजे काठ आणि मोठा खडक यांच्यामधलं पाणी. बाबी इंजिनाची नवी होडी घेणार होता. ती पाण्यात जास्त बुडते. आतल्या वाटेने ती आली तर रोजचा मोठा वळसा वाचणार होता. त्याने तुम्हाला विचारलं होतं, "सर, तुमच्या कागदावर कळात काय?" आणि तुम्ही शब्द दिला होता की नकाशा झाला की पहिली प्रत तुला.

होडी निघाली आणि पहिल्याच लाटेचं पाणी माझ्या मनगटावर उडालं. माझा जीव उडाला. खारं पाणी आत गेलं तर? तुमच्या वडिलांचं घड्याळ माझ्या हातून बंद पडलं तर? मी ते काढलं, रुमालात गुंडाळलं आणि जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात ठेवून झाकण घट्ट लावलं. ठरवलं की प्रत्येक खुणेला झाकण उघडून बघायचं. पाच खुणांना उघडलं. मग हात ओले, दोरी ओली, बाबी म्हणतो, "काय सारखो डबो उघडतंस, भूक लागली काय?" मी उघडायचं सोडलं. मनात म्हटलं, संध्याकाळी अंदाजाने भरू. विसाव्या खुणेपाशी बाबीला स्वतःचं जाळं जड दिसलं. "वायच थांब रे," म्हणून त्याने होडी वळवली. मीही ओढायला लागलो. किती वेळ गेला ते डब्यात बंद होतं. तासाहून जास्त गेला, दीड तास असेल. पाणी तेवढा वेळ चढत होतं. मग आम्ही परत येऊन उरलेल्या वीस खुणा मोजल्या.

संध्याकाळी मी रकाना भरला. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, आठपासून. इतकं सुबक अक्षर मी शाळेतही काढलं नव्हतं. जाळ्याचा वेळ मी लिहिला नाही, कारण तो किती होता ते सांगता आलं नसतं.

तुम्ही तापात डोळे उघडून विचारलंत, "वेळा घेतल्यास?"

"घेतल्या."

"शाब्बास."

तो शब्द अजून माझ्या अंगावर येतो.

धुळ्याला परतल्यावर तुम्ही आलेख काढायला बसलात. खाली उपग्रहाचे आकडे, उभ्या बाजूला दोरीची खोली. पहिल्या दोन दिवसांचे ठिपके एका रेषेवर आले. तिसऱ्या दिवसाचे पहिले वीसही आले. शेवटचे वीस रेषेवरून उठून बाजूला जाऊन बसले. उपग्रह म्हणत होता, इथे उथळ आहे. माझी वही म्हणत होती, खोल आहे. पाणी चढल्यावर मोजलेली खोली मी पाणी कमी असतानाच्या वेळेला लिहिली होती. दीड हाताचा फरक होता, आणि तो घातक बाजूला होता, नाना. उथळ जागा खोल दिसत होती.

मी पेन्सिल धरून बसलो होतो आणि कान तुमच्याकडे होते. तुम्ही आलेख फाडलात, नवा काढलात, तोही फाडलात. आकडे पुन्हा तपासलेत. मला वही वाचायला लावलीत आणि मी ती वाचली, न अडखळता. तुम्ही एकदाही माझ्याकडे संशयाने पाहिलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "नऊशे किलोमीटरवरून बघणारा चुकेल. दोरी हातात धरणारा कसा चुकेल?" आणि माझ्या वहीप्रमाणे आतली वाट खोल दाखवून नकाशा काढलात.

त्याची प्रत नळकांड्यात घालून तुम्ही माझ्याच हातात दिलीत. "पोस्टात टाकून ये. बाबी वाट बघत असेल." मी पोस्टाच्या खिडकीपुढे उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "ओ भाऊ, टाकनं शे का नही?" मला डोळ्यापुढे माझी दोन पोरं दिसली, पूल झालेली गिरणा दिसली, खरं सांगितल्यावर मी पिशवी घेऊन भडगावच्या गाडीत बसलेला दिसलो. मी नळकांडं आत सरकवलं.

मग मी दिवस मोजत बसलो. सहा दिवसांत पोचतं म्हणाले होते. सहाव्या दिवशी सकाळी काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला आणि मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसलो. आज बाबी नळकांडं उघडेल. नवी होडी, त्यात त्याचा भाऊ, त्याचा मुलगा. तुम्ही ओट्यावर बसून पत्र लिहीत होतात आणि मला वाचून दाखवलंत. हैदराबादला कळवत होतात की उथळ पाण्यात आपली पद्धत भरवशाची नाही, काम थांबवावं. तीन वर्षांचं काम, आणि तुम्ही ते शांतपणे, खाली सही करून मोडत होतात.

"नाना, पत्र पाठवू नका," मी म्हणालो.

"का रे?"

"पद्धत बरोबर शे. मना टाईम खोटा शे." घाबरलो की माझ्या तोंडी घरची भाषा येते, ते तुम्हाला माहीत होतं. "तिसऱ्या दिवशी वेळा मी मनाने लिहिल्या. मध्ये आम्ही जाळं ओढत होतो."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "घड्याळ कुठे होतं?"

"डब्यात."

"कसल्या डब्यात?"

"जेवणाच्या. भिजेल म्हणून."

तुम्ही आणखी एक प्रश्न विचारलात, तो शेवटी सांगतो. मग एकदम उठलात. "बाबीचा नकाशा!" एवढंच म्हणालात आणि चपला न घालता तार ऑफिसकडे निघालात. मी तुमच्या चपला हातात घेऊन मागे पळत होतो. तुम्ही तार केलीत: नकाशा चुकीचा, आतल्या वाटेने होडी नेऊ नका.

उत्तर आलं नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. ओरडला असतात तर मी पिशवी भरली असती. तुम्ही सकाळी ओट्यावर बसायचात आणि पोस्टमन गल्लीत वळला की उभे राहायचात. मी आत चौकोन रंगवत होतो आणि कोणता रंग कुठे भरतोय ते दिसत नव्हतं. काकू मुक्ताईनगरच्या, त्यांना गप्प बसणं माहीत नाही. त्या म्हणाल्या, "दोघांच्या तोंडात काय कापूस कोंबलाय का?" तुम्ही त्यांनाही काही सांगितलं नाहीत.

पाचव्या दिवशी कार्ड आलं. बाबीने मुलाकडून लिहून घेतलं होतं. तुम्ही ते उभ्यानेच वाचलंत, मग मोठ्याने वाचलंत. "सरांस नमस्कार. नकाशा पोचला, फार छान आहे, बायकोने देवाच्या फळीवर लावला आहे. नवी होडी बाहेरच्या वाटेनेच आणली. कागद बघून होडी हाकणारे आम्ही नव्हे. तार आली तेव्हा घरात रडारड झाली, सगळ्यांना वाटलं सर गेले. पुन्हा तार करू नये."

तुम्ही हसलात. हसता हसता पंच्याने डोळे पुसलेत. मीही हसायला गेलो, तेव्हा तुम्ही थांबलात आणि पाच दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललात. "सुपडू, रकाना रिकामा ठेवला असतास तर मला कळलं असतं की इथे काही नाही. तू तो सुबक भरलास."

त्यानंतर तुम्ही तो विषय कधी रागाने काढला नाहीत. महिनाभरात आपण परत इथे आलो. घड्याळ माझ्या मनगटावर होतं, त्यावर तुम्ही स्वतः प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. वीस खुणा पुन्हा मोजल्या. धुळ्याला येऊन आलेखावर ठिपके मांडले आणि ते एकेक करून रेषेवर येऊन बसले. आकाशातला बरोबर होता. बाबीच्या आतल्या वाटेत ओहोटीला नवी होडी नक्की टेकली असती. नवा नकाशा घेऊन आपणच त्याच्याकडे गेलो. त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "ह्यां तर माका ठावकच हा." पण जुना काढून नवा त्याच फळीवर लावला.

घड्याळ परत द्यायला गेलो तर तुम्ही घेतलं नाहीत. "तुझ्याकडे ते जास्त लक्ष देऊन चालतं," म्हणालात.

आता आपलं भांडण. तुम्ही अहवाल लिहिलात, त्यात एक ओळ होती: "पहिल्या मोजणीत वेळेच्या नोंदीत चूक झाली, तिची जबाबदारी माझी." मी ती ओळ बोटाखाली धरून म्हणालो, "नाना, इथे माझं नाव पाहिजे."

"पाठवला मी होता."

"लिहिलं मी होतं."

"तुझं नाव मी दुसरीकडे घातलंय." ते खरं होतं. मोजणी करणारे म्हणून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, छापलं होतं. ते पान आबांनी भडगावच्या बाजारात किती जणांना दाखवलं असेल! त्याच पानावर आणि तुमच्या एका पत्रावर मला इथली, पाणी मोजायची नोकरी मिळाली. माझी पोरं आज ज्या शाळेत जातात ती त्या पानावर उभी आहे. पण मागच्या पानावरची ती ओळही त्याच अहवालात आहे. ती वाचून लोक म्हणतात सरांचा नकाशा चुकला. प्रत्येक दिवाळीला मी धुळ्याला आलो की हे काढायचो आणि तुम्ही म्हणायचात, "तू अजून त्याच खुणेवर उभा आहेस का?" गेल्या वेळी मला पारोळ्याला पाहुण्यांकडे जायचं होतं. तुम्ही स्टँडवर सोडायला आलात आणि गाडी सुटताना मी खिडकीतून पुन्हा म्हणालो, "नाना, ती ओळ." तुम्ही हात हलवलात. गाडी वळली. ते भांडण तिथेच राहिलं. आता तुम्हाला उत्तर देता येत नाही म्हणून मी ते एकट्याने संपवतो आहे, हे तुम्हाला आवडणार नाही. माफ करा. तिसऱ्या दिवसाच्या वेळा सुपडूने खोट्या लिहिल्या होत्या. नानांचा हिशेब, नानांची पद्धत आणि नानांचा उपग्रह, तिन्ही बरोबर होते.

आणि एक राहिलं. त्या दिवशी ओट्यावर तुम्ही विचारलं होतंत, "हे तुला आत्ता आठवलं?" आणि मी म्हणालो होतो, "हो, आत्ता." आत्ता आठवलं नव्हतं. पहिला आलेख तुम्ही फाडलात तेव्हापासून माहीत होतं. तुम्ही फाडत होतात आणि मी रंग भरत होतो. तुम्हाला ते कळलं होतं का? तुमच्या पत्रांत मी शोधलं. सापडत नाही. कळलं असूनही तुम्ही मला ठेवून घेतलं असेल, तर तुमचे उपकार मी मोजले त्याहून जास्त आहेत. कळलं नसेल, तर हे घ्या, आज कळवतो.

फोनवर काकू सांगत होत्या, "सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी आत भाकऱ्या टाकत होते. कप उचलायला बाहेर आले, तर मान खाली."

मी काय विचारावं? मी विचारलं, "किती वाजता?"

काकू म्हणाल्या, "कुणी पाहिलं रे घड्याळ त्या वेळी. डॉक्टरांनी साडेआठ लिहिलंय, अंदाजाने."

मी होडीत परत गेलो. वही उघडली. दहा चाळीसच्या ओळीखाली एक ओळ सोडली आणि तिच्यात तुमचं नाव लिहिलं. वेळेचा रकाना रिकामा ठेवला आहे.